ओराक्विक एचआयव्ही स्वचाचणी संच : भरवशाचा, पण योग्य वेळी वापरला तर

ओराक्विक हा स्वतःच एचआयव्हीची चाचणी करण्याचा संच असून त्यासाठी रक्त काढावे लागत नाही. हिरड्यांवरून फिरवलेल्या कांडीला जो स्राव लागतो, त्यातील एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने, तो शोधतो. लाळेतून हा विषाणू पसरतो असा त्याचा अर्थ नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली त्याला घरगुती वापरासाठी मान्यता दिली आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकंदरीतच स्वचाचणीची शिफारस केली. असुरक्षित संबंधानंतर झोप उडालेल्या माणसाला कोणासमोर काही न सांगता पहिले पाऊल टाकता येते, हा या संचाचा सर्वात मोठा गुण मला वाटतो.

वापर सोपा आहे. आधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, कांडी वरच्या आणि खालच्या हिरडीवरून एकेकदा फिरवावी, द्रावणाच्या कुपीत उभी ठेवावी आणि निकाल २० ते ४० मिनिटांच्या दरम्यान वाचावा. ‘सी’ या खुणेसमोर, म्हणजे चाचणी नीट झाल्याचे दाखवणाऱ्या जागी, रेघ उमटली नाही तर चाचणी बाद धरावी; ‘टी’ या निकालाच्या खुणेसमोरची रेघ कितीही फिकट असली तरी निकाल पॉझिटिव्ह धरावा. ४० मिनिटे उलटल्यावर कांडी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहण्यात अर्थ नसतो, पण घाबरलेला माणूस नेमके तेच करत राहतो.

खरा प्रश्न वेळेचा आहे. शरीराला प्रतिपिंडे तयार करायला अवधी लागतो, म्हणून संबंधानंतर तीन महिने पूर्ण होण्यापूर्वी आलेल्या ‘निगेटिव्ह’ निकालावर विसंबता येत नाही. पहिल्याच आठवड्यात चाचणी केली, तर ती त्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही. ज्यांना इतके थांबवत नाही त्यांनी प्रयोगशाळेत शिरेतून रक्त देऊन प्रतिजन (विषाणूचाच अंश) आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी चाचणी करावी. तिचा निकाल ४५ दिवसांनी विश्वासार्ह मानला जातो. आणि प्रसंग घडून ७२ तास झाले नसतील, तर संचाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे, कारण संसर्ग रोखू शकणारी २८ दिवसांची औषधे, म्हणजे ‘पेप’, त्या मुदतीतच आणि जितक्या लवकर तितकी चांगली सुरू करायची असतात. ती घेतली असतील तर पुढच्या चाचण्यांचे वेळापत्रकही डॉक्टरांनीच ठरवावे.

हा संच मागवणाऱ्या अनेकांच्या मनात एचआयव्हीइतकीच, किंबहुना अधिक, रेंगाळणारी लक्षणे असतात : खवखवणारा घसा, थकवा, जांघेतली गाठ, लघवीची जळजळ. एचआयव्हीच्या सुरुवातीच्या काळात, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, ताप, पुरळ आणि गाठी येऊ शकतात हे खरे; पण साध्या विषाणूजन्य तापातही हेच होते, त्यामुळे लक्षणांवरून निदान करता येत नाही. उलट, तीन महिन्यांनंतर निगेटिव्ह आल्यावरही जळजळ किंवा स्राव राहिला, तर त्याचे उत्तर या कांडीत नाही. क्लॅमिडिया आणि गोनोरिया या लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गांसाठी लघवीची किंवा स्वॅबची तपासणी लागते, आणि संबंध मुखमैथुन किंवा गुदमैथुनाचा असेल तर त्या त्या जागेचा स्वॅब द्यावा लागतो. केवळ लघवीच्या तपासणीत तो संसर्ग निसटतो. सिफिलिस या तशाच आणखी एका रोगाचा व्रण बहुधा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो, मात्र रोग शरीरात राहतो, म्हणून रक्ततपासणी आवश्यक ठरते. हे सर्व निगेटिव्ह आल्यावरही धडधड, मुंग्या आणि सतत आरशात जीभ पाहण्याची ओढ थांबत नसेल, तर ती चिंतेची लक्षणे असू शकतात; ती खोटी नसतात, आणि त्यांच्यावर उपचार होतात. पाचवा-सहावा संच मागवून ती शमत नाहीत.

अचूकतेबद्दलही स्पष्ट असावे. मान्यतेपूर्वीच्या अभ्यासात, घरी चाचणी केलेल्या संसर्गित व्यक्तींपैकी दर १२ पैकी सुमारे एकीचा निकाल चुकून निगेटिव्ह आला, तर संसर्ग नसलेल्यांत ५,००० पैकी सुमारे एकीचाच निकाल चुकून पॉझिटिव्ह आला. म्हणूनच जोडीदाराला एचआयव्ही असल्याचे माहीत असेल, तर मी या संचापेक्षा प्रयोगशाळेची चाचणी सुचवेन. संसर्ग टाळण्यासाठी संबंधाआधीपासूनच घ्यायची औषधे, म्हणजे ‘प्रेप’, घेणाऱ्यांनीही केवळ याच्यावर अवलंबून राहू नये. दुसरी रेघ उमटलीच, तर तो अंतिम निकाल नसतो. प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी लागते, आणि संसर्ग पक्का झाला तरी नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही.