ऑफिसातला सर्व्हर, भाड्याचा सर्व्हर की रेडिमेड क्लाउड: छोट्या धंद्याने नेमकं काय घ्यावं

"क्लाउडवर जायचं का" म्हणून विचारलं की दहा जण दहा उत्तरं देतात, कारण प्रत्येकाच्या डोक्यात क्लाउड म्हणजे वेगळीच वस्तू असते. तसं बघितलं तर प्रकार साधा आहे, दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले कॉम्प्युटर नेटवरून वापरायचे आणि वापराप्रमाणे पैसे भरायचे. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये आधी एस३ म्हणजे फाइल ठेवायची जागा आणि मग ईसी२ म्हणजे तासावर मिळणारे सर्व्हर आणले आणि तिथून ही पद्धत रुळली. पण छोट्या धंद्यासमोर आज प्रत्यक्षात तीन रस्ते आहेत आणि ते वेगवेगळे धरले तरच तुलना होते, नाहीतर नुसता गोंधळ.

एक, ऑफिसातच स्वतःचा सर्व्हर किंवा नॅस. नॅस म्हणजे दोन-चार हार्ड डिस्क बसतात असा डबा, राउटरला जोडला की सगळ्यांना शेअर्ड फोल्डर दिसायला लागतो.

दोन, भाड्याचा सर्व्हर. एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं), अझूर (मायक्रोसॉफ्टचं), गुगल क्लाउड, डिजिटलओशन वगैरे. मशीन मिळते, ती रिकामी असते, त्यावर काय टाकायचं आणि ते कसं चालू ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघायचं.

तीन, रेडिमेड. गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो, ऑनलाइन दुकानासाठी शॉपिफाय. लॉगिन केलं की काम सुरू, खाली कुठली मशीन आहे ते कळायची गरजच नाही.

विकणारे दुसऱ्याला आणि तिसऱ्याला सरसकट क्लाउडच म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: ऑफिसात कॉम्प्युटरचं बघणारा कायमचा माणूस नसेल, निदान ठरलेला आणि फोन उचलणारा बाहेरचा माणूस नसेल, तर दोन नंबरच्या वाटेला जाऊ नका. तीन नंबर घ्या, आणि जड फाइल्स असतील तर सोबत एक नंबरमधला नॅस ठेवा.

भाड्याच्या सर्व्हरवर एवढा राग का, तर लोकांना वाटतं की पैसे भरले म्हणजे आता सगळं ते बघतील. ते बघतात वीज, हार्डवेअर, नेटवर्क, इमारत. ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट, फायरवॉल, पासवर्ड, डेटाबेसचा बॅकअप हे सगळं तुमच्याकडेच राहतं, याला ते शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी म्हणतात आणि अटींमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त वाचत कोणी नाही. नवीन लिनक्स सर्व्हर लावा, बाहेरून लॉगिनचा पोर्ट म्हणजे दार उघडं ठेवा आणि थोड्या वेळाने लॉगिनचा लॉग उघडून बघा. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी कोण कुठून लॉगिन करायला बघतंय त्याची रांग लागलेली असते. तुमच्यावर कोणाचा डोळा आहे म्हणून नव्हे, बॉट म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम दिवसरात्र नेटवरच्या सगळ्याच पत्त्यांवर ठोकत फिरत असतात. जाणकार माणूस पहिल्या दहा मिनिटांत पासवर्डने लॉगिन बंद करून त्याऐवजी की म्हणजे डिजिटल किल्ली लावतो आणि पोर्ट ठराविक पत्त्यांपुरता ठेवतो, ज्याला माहीत नाही त्याचा सर्व्हर तसाच उघडा राहतो.

आता पैशाचं. ऑफिसातल्या मशीनला सुरुवातीला एकदम पैसे जातात आणि मग चार-पाच वर्षं ती चालते, पण सोबत यूपीएस, दर काही वर्षांनी त्याच्या बॅटऱ्या, एखादी जादा डिस्क आणि बिघडली की येणारा माणूस हेही धरा, कोटेशनमध्ये हे नसतं. रेडिमेडला दर माणशी दर महिना असा सरळ हिशोब, फक्त सोडून गेलेल्यांची अकाउंट बंद करायची राहतात आणि त्यांचे पैसे गुपचूप जात राहतात, तेवढं बघा. भाड्याच्या सर्व्हरचं बिल मात्र वाचायला बसावं लागतं. मशीन बंद केली तरी तिच्या डिस्कचे पैसे चालूच, जुने स्नॅपशॉट म्हणजे डिस्कच्या त्या-त्या वेळच्या कॉपी पडल्यात त्यांचे वेगळे, डेटा बाहेर गेला की त्याचे वेगळे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचेही, म्हणजे सर्व्हरच्या नेटवरच्या पत्त्याचेही, पैसे लावतं. बजेट अलर्ट लावता येतो आणि लावाच, पण तो साधारणपणे नुसता मेल पाठवतो, मशीन थांबवायची तर ती सेटिंग वेगळी करावी लागते.

इथे कोणीतरी हमखास ३७सिग्नल्सचं उदाहरण देणार. बेसकॅम्पवाली कंपनी, २०२२ मध्ये त्यांनी क्लाउड सोडतोय म्हणून जाहीर केलं आणि स्वतःची मशीन घेऊन खर्च खाली आणला. खरं आहे, पण त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी स्वतःची टीम आधीपासून होती आणि लोड वर्षभर बऱ्यापैकी सारखा. आठ माणसांच्या ऑफिसला तो हिशोब लागू पडत नाही.

नेटचा मुद्दा लोक विसरतात, आणि जो विसरत नाही तो डाउनलोड स्पीड बघतो. क्लाउडवर फाइल चढवायची तर अपलोड लागतो आणि बऱ्याच कनेक्शनला तो डाउनलोडपेक्षा खूप कमी असतो. १० एमबीपीएस अपलोडवर १०० जीबी चढवायला लाइन पूर्ण मिळाली तरी २२ तास लागतात. फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटिंगवाले, मोठी ड्रॉइंग करणारे यांनी रोजचं काम नॅसवरच ठेवावं आणि रात्री तिथून क्लाउडवर कॉपी जाऊ द्यावी. मेल, बिलं, एक्सेल शीट, ग्राहकांची यादी असल्या हलक्या कामाला साधं नेट भरपूर झालं. नेट गेलं की मात्र रेडिमेडवाल्यांचं काम अडतं आणि नॅसवाल्यांचं चालू राहतं, म्हणून पर्याय म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा आणि तो एकदा खरंच चालवून बघा.

बंद पडण्याबद्दल: ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे सर्व्हिस चालू राहण्याची हमी ऐकायला भारी वाटतं, त्याचा अर्थ महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद राहिलं तरी ते करारात बसतं. त्याहून जास्त बंद राहिलं तर तुमच्या बिलात थोडी सूट मिळते, बुडालेल्या धंद्याची भरपाई नाही. मोठेही पडतात, २८ फेब्रुवारी २०१७ ला एस३ कित्येक तास आडवं झालं, कारण काय तर एका कमांडमध्ये चुकीचा आकडा टाइप झाला आणि हवे त्याहून जास्त सर्व्हर काढले गेले, आणि गंमत म्हणजे सर्व्हिस चालू आहे की बंद हे दाखवणारं त्यांचं पानही एस३ वरच अवलंबून होतं, त्यामुळे तेही नीट अपडेट होईना. तरीसुद्धा या बाबतीत मी क्लाउडच्याच बाजूने आहे. त्यांचं बंद पडलं की तिकडे शेकडो इंजिनिअर कामाला लागतात, ऑफिसातल्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय शुक्रवारी संध्याकाळी उडाला की सोमवारपर्यंत पार्टची वाट बघत बसायचं.

डेटा जाण्याचं मात्र जरा सावकाश वाचा.

रेडमध्ये (एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायची सोय) दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं अजूनही ऐकायला मिळतं. रेड फक्त एक डिस्क मेली तर वाचवतं. फाइल चुकून डिलीट केली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी गेली, रॅन्समवेअर म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर दोन्ही डिस्कवर एकदमच कुलूप. नॅस राउटरवरून थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असे उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे डबेच लॉक केले होते. अपडेट टाळायची सवयही अशीच महागात पडते, वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं मे २०१७ मध्ये आणि त्याला अडवणारा विंडोजचा पॅच मार्चमध्येच आला होता. रेडिमेडमध्ये सर्व्हर अपडेट करायची कटकट तुमच्या डोक्याला नाही, हा त्याचा मोठाच फायदा.

पण क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे असंही नाही हं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत खाक झाली आणि ज्यांनी दुसरीकडे कॉपी ठेवली नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला, काहींचं तर बॅकअपही त्याच आवारात होतं. आणि कोड स्पेसेस या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीचं २०१४ मधलं प्रकरण त्याहून वाईट, हल्लेखोराच्या हातात त्यांचं एडब्ल्यूएसचं कंट्रोल पॅनल लागलं, खंडणी मागितली, यांनी ताबा परत घ्यायचा प्रयत्न केल्यावर तो मशीन, डेटा आणि बॅकअप पुसत सुटला. कंपनीला धंदा बंद करावा लागला. सगळं होतं एकाच लॉगिनखाली.

रेडिमेडमध्ये धोका जरा वेगळा आहे. ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह फाइल सिंक करतात, आणि सिंक म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसलं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, कंपनीच्या वनड्राइव्हमध्ये साधारण ९३ दिवस, त्यानंतर शोधत बसायचं. वर्षाअखेरीला हिशोब काढताना लक्षात आलं की सहा महिन्यांपूर्वीचं फोल्डर कोणीतरी उडवलंय, तर तोवर मुदत संपलेली असते. म्हणून वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या लॉगिनने, एक कॉपी हवीच. जुना ३-२-१ नियम अजून चालतो: तीन कॉपी, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून उघडून बघा, हे न करता नुसतं "बॅकअप सक्सेसफुल" च्या मेलवर विसंबू नका.

सोडून जायचं ठरलं तर? नॅसवाला सुटसुटीत, डिस्क तुमचीच. भाड्याच्या सर्व्हरवरून डेटा बाहेर काढायला पैसे पडायचे, २०२४ मध्ये गुगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही पूर्ण सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करायचं जाहीर केलं, अटी आहेत पण मार्ग आहे. सगळ्यात अडकायला होतं ते रेडिमेडमध्ये, त्यातही बिलिंग आणि ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. एक्सपोर्ट आहे म्हणतात आणि हातात देतात पीडीएफ, त्याचं पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये काय करणार कप्पाळ. त्यामुळे ट्रायल चालू असतानाच आठ-दहा खोटी बिलं बनवा आणि एक्सपोर्ट दाबा. सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) तारीख, ग्राहक, वस्तू, नग, कर असे कॉलम वेगवेगळे आले तर पुढे जा, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर बघा.

भाड्याचा सर्व्हर कोणी घ्यावा तेही सांगतो, नाहीतर एकतर्फी वाटेल. ज्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, वेबसाइटवर एखाद्या सेलला गर्दी दहापट होते आणि मग ओसरते, आणि ते सांभाळणारा माणूस पगारावर आहे, त्यांना याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मशीन तासाभरापुरती वाढवता येणं ही सोय ऑफिसातल्या डब्यात कुठून येणार.

तीनपैकी काहीही घेतलं तरी मुख्य अकाउंट आणि डोमेन (वेबसाइटचं नाव) मालकाच्या नावावर, मालकाच्या मेलवर आणि मालकाच्या फोनवर येणाऱ्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनवर असू द्या. बऱ्याचदा वेबसाइट करून देणारा स्वतःच्याच मेलवर डोमेन घेऊन टाकतो, त्याच्या मनात काही वाईट नसतं, काम लवकर उरकायचं असतं, पण दोन वर्षांनी तो फोन उचलेनासा होतो आणि रिन्यूअलची तारीख जवळ आलेली असते. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) अकाउंटमध्ये लॉगिन करून बघायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या अकाउंटचं लॉगिनच तुमच्याकडे नसेल तर क्लाउडचं पुढच्या आठवड्यात बघा, आधी ते मागून घ्या.