सालिब: मॉडेलमधली कुठली अनिश्चितता खरंच महत्त्वाची आहे ते दाखवणारी लायब्ररी

डिझाइनमध्ये चार-पाच इनपुट तरी असे असतातच की त्यांची नेमकी किंमत कुणालाच ठाऊक नसते, लोड अंदाजे, मटेरियलचा मॉड्युलस (ताठरपणा) अंदाजे, आणि तरी रिपोर्टमध्ये एकच आकडा ठणकावून छापला जातो. हे ज्यांना खटकतं त्यांनी सालिब (SALib) नक्की वापरून बघा. पायथनची ओपन सोर्स लायब्ररी आहे, फुकट, कुठल्या इनपुटचा उत्तरावर किती परिणाम होतो ते मोजण्याच्या सोबोल, मॉरिस, फास्ट, डेल्टा या पद्धती सगळ्या एकाच ठिकाणी.

वापरायला सोपी आहे, व्हेरिएबलची नावं आणि रेंज द्यायच्या, ती सॅम्पल बनवून देते, त्यावर आपलं मॉडेल चालवायचं (ते पायथनमध्येच हवं असं काही नाही, फक्त उत्तरं सॅम्पलच्याच क्रमाने परत द्या, क्रम चुकला तर एरर येत नाही, सरळ चुकीचे इंडेक्स, म्हणजे प्रत्येक इनपुटच्या परिणामाचे आकडे, येतात), मग आउटपुटमधला किती फरक कुणामुळे पडतोय ते कळतं.

आधी उत्तर माहीत असलेल्या गोष्टीवर तपासून घ्या. साधा कॅन्टिलिव्हर बीम घ्या, डिफ्लेक्शनच्या सूत्रात लांबीचा घन वर आणि उंचीचा घन खाली, लोड, मॉड्युलस आणि रुंदी यांचा घात फक्त १. पाचही इनपुटना सारखीच ±१ टक्का रेंज दिली की लांबी आणि उंची प्रत्येकी साधारण ४३ टक्के खातात आणि बाकी तिघांच्या वाट्याला जेमतेम ५-५ टक्के येतात, हातानेही हेच निघतं. आता फक्त लोडची रेंज ±१० टक्के करा, लोड एकटाच ८३ टक्क्यांच्या आसपास जातो!! सूत्र तेच, बीम तोच. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, कोड लिहिण्यापेक्षा जास्त वेळ रेंज ठरवण्यात घालवा, सगळ्यांना डोळे मिटून ±१० लावून टाकलं तर जे रँकिंग येईल ते तुमच्या डिझाइनचं नसतंच.

दुसरा फायदा इंटरॅक्शनचा, म्हणजे इनपुट मिळून जो परिणाम करतात तो दिसण्याचा. इशिगामी फंक्शन (या पद्धती तपासायचं नेहमीचं उदाहरण) यात आयतंच दिलंय, त्यातल्या तिसऱ्या इनपुटचा फर्स्ट ऑर्डर इंडेक्स (एकट्याचा परिणाम) शून्य पण टोटल (इतरांसोबतचाही धरून) ०.२४, म्हणजे तो पहिल्या इनपुटच्या जोडीनेच काम करतो. बाकीचे शून्यावर ठेवून नुसता तिसरा हलवला तर आउटपुट ढिम्म हलत नाही, आणि एका वेळी एकच इनपुट बदलून बघणारे लोक त्याला बिनकामाचा ठरवून मोकळे होतात.

खर्च मात्र बघून घ्या. १० इनपुट, बेस सॅम्पल १०२४ आणि सेकंड ऑर्डर (दोन-दोन इनपुटच्या जोड्यांचा परिणाम) चालू असेल तर सोबोलला मॉडेलचे २२,५२८ रन लागतात, सेकंड ऑर्डर बंद केलं तर १२,२८८. मॉरिसला २० ट्रॅजेक्टरीत (एकेक इनपुट बदलत जाणाऱ्या फेऱ्यांत) २२० रन पुरतात. एक रन तासभर चालत असेल तर आधी मॉरिसने फालतू इनपुट बाजूला काढा आणि उरलेल्यांवरच सोबोल लावा, रन आधीच करून ठेवलेले असतील तर डेल्टा तोच डेटा घेतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण सोबोल इनपुट एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतं, पण खऱ्या डेटात ते बरेचदा जोडीनेच हलतात आणि लायब्ररी त्याबद्दल काही सावध करत नाही. आणि हो, इंडेक्सशेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हल (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) येतो तो बघत जा, तो इंडेक्सएवढाच रुंद असेल तर सॅम्पल दुप्पट करून परत चालवा, त्याआधी रँकिंग कुणाला दाखवू नका.