शी-हल्कचं पुस्तक, आठ महिन्यांनंतर: पानं सुटली तेव्हा खरं कळलं

परवा रात्री पाचव्या अंकाची पानं सुटून हातात आली. सहा पानं, कण्यापासून एकदम, गोंद पार वाळून पापडासारखा झालेला. आठ महिन्यांपूर्वी मी ही एकत्रित पेपरबॅक वापरलेली घेतली होती, लेखक-चित्रकार जॉन बर्नच्या 'सेन्सेशनल शी-हल्क' या मार्व्हल कॉमिकचे सुरुवातीचे ८ अंक. विकणाऱ्याने लिहिलं होतं "नव्यासारखी". त्याला फोटो पाठवले तर म्हणाला परत घ्यायची मुदत संपली आणि गोंदाचं काय, तो तर वापराने सुटतोच. अहो, पुस्तक वापरायचं नाही तर काय करायचं? तीन वेळा मेसेज केले, तिसऱ्याला उत्तरच नाही. मी पैसे जपून खर्च करते, म्हणून तर जुनी प्रत घेतली, पण जुनी म्हणजे फाटकी असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तर अनुभव लिहायला बसले त्याचं कारण हा राग. पण लिहिता लिहिता मत बदललंय ते पुढे येईलच.

जेनिफर वॉल्टर्स वकील, ब्रूस बॅनरची म्हणजे हल्कची आतेबहीण, त्याचं रक्त चढवलं आणि ती हिरवी शी-हल्क झाली, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. पहिली मालिका १९८० ची, २५ अंक चालली आणि १९८२ मध्ये बंद पडली. मग अ‍ॅव्हेंजर्स, मग फॅन्टास्टिक फोरमध्ये थिंगच्या जागी, म्हणजे दुसऱ्या नायकांच्या टोळ्यांत, दुसऱ्यांच्या घरात पाहुणी. १९८९ मध्ये बर्नने तिला पुन्हा स्वतःचं मासिक दिलं आणि पहिल्याच मुखपृष्ठावर ती वाचकाला बजावते की ही तुमची दुसरी संधी आहे, या वेळी माझं पुस्तक घेतलं नाहीत तर घरी येऊन तुमचे सगळे एक्स-मेनचे अंक फाडून टाकीन. मला आधी हा नुसता विनोद वाटला. तो नुसता विनोद नाहीये. २५ अंकांनंतर बंद पडलेली बाई बोलतेय ती, तिला माहीत आहे की विक्री थांबली की आपण थांबतो.

कुणी तिला डेडपूलची, म्हणजे वाचकाशी बोलणाऱ्या मार्व्हलच्याच दुसऱ्या नायकाची, बायकी नक्कल म्हटलं की माझं डोकं फिरतं. डेडपूल आला १९९१ मध्ये, आणि वाचकाशी बोलायला लागला त्याच्याही बऱ्याच नंतर. तारखा बघा आणि मग बोला.

पहिले दोन महिने माझं मत असं होतं की गंमत छान आहे पण एकच आहे. ती लेखकावर चिडते, निवेदनाच्या चौकटीशी वाद घालते, गोष्ट पुढे सरकत नाही म्हणून कुरकुरते. ठीक. मग चौथ्या अंकात लुईझ मेसन येते आणि तिथे मी थांबलेच. ही बाई म्हणजे ब्लॉन्ड फँटम, १९४६ सालची नायिका, तिचं मासिक चाळीसच्या दशकातच बंद झालं. म्हणून ती म्हातारी झाली. कॉमिकमधली माणसं वर्षानुवर्षं तशीच राहतात पण ती छापली जात असतील तोवरच, मासिक बंद झालं की वय धावायला लागतं, आणि हे लुईझला पक्कं कळलेलं आहे. म्हणून ती आपल्याच ऑफिसात जेनिफरला नोकरी लागेल असं बघते, की दुय्यम पात्र म्हणून का होईना पण पुन्हा पानावर राहता येईल आणि वय थांबेल. जेनिफरला कळलंय की आपण कॉमिकमध्ये आहोत, या बाईला कळलंय की कॉमिकच्या बाहेर पडलं की काय होतं. एवढ्या हलक्या हाताने एवढी मोठी गोष्ट सांगितलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. त्या अंकानंतर पहिले तीन अंक पुन्हा वाचले आणि तेच विनोद वेगळे लागले.

आता माझी मुख्य तक्रार, आणि ही मी लांबण लावून सांगणार आहे. पुस्तकानंतरचे अंक मी टॅबवर वाचले कारण पुढचे खंड नवे घ्यायचे तर महाग पडतात. बर्न ८ अंकांनंतर सोडून गेला आणि ३१ व्या अंकापासून परत आला, मालिका एकूण ६० अंकांची, १९९४ मध्ये संपली. तर टॅबवर ती सोय असते ना, एकेक चौकट मोठी करून दाखवायची, बोट टेकलं की पुढची. इतर कॉमिकला चालतं. या कॉमिकला अजिबात चालत नाही! कारण चौकट मोठी झाली की चौकटीची कड स्क्रीनच्या बाहेर जाते आणि ही बाई तर कडेवरच जगते. तिला पान दिसतं, चौकटींमधली पांढरी पट्टी दिसते, आपल्यालाही ते दिसत असेल तरच ती कशाबद्दल बोलतेय ते कळणार. कड काढून टाकली की उरते एक हिरवी बाई, स्क्रीनकडे बघून बडबडणारी. मी दीड महिना असंच वाचलं आणि मनात म्हणत होते की परत आल्यावर बर्नचा हात ढिला पडलाय. हात काही ढिला पडला नव्हता, मला अर्धं पानच दिसत नव्हतं. ती सोय बंद करून अख्खं पान लावलं तेव्हा अक्षरं बारीक झाली, डोळे दुखतात, तरी तसंच वाचा. कृपया तसंच वाचा.

२०२२ च्या शी-हल्कच्या टीव्ही मालिकेला लोकांनी फार नावं ठेवली पण ती बनवणाऱ्यांना ही गोष्ट बरोबर कळली होती. शेवटच्या भागात ती स्ट्रीमिंगच्या मेनूच्या चौकटीतून बाहेर येते आणि थेट लेखकांच्या खोलीत जाते. टीव्हीची कड तीच, मेनू. कॉमिकची कड कागद. ज्या माध्यमात आहात तिथली भिंत फोडा, दुसऱ्याची नको.

आणि आता पाचवा अंक, ज्याची पानं सुटली. यात ती खलनायक डॉक्टर बाँगपर्यंत पोचायला पान फाडते आणि जाहिरातींच्या पानांवरून चालत पलीकडे जाते. छापील पुस्तकात हे वाचताना मला नेहमी दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक ताणून धरावं लागायचं, तरी आतल्या बाजूचं चित्र कण्याच्या खाचेत जायचंच. (कणा मोडला त्यात माझ्या ताणण्याचा वाटा असेल, पण "नव्यासारखी" प्रत आठ महिन्यांत उलगडावी एवढा नाही.) परवा ती सुटी पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, सपाट. पहिल्यांदा सगळं एकदम दिसलं, ती कुठून फाडते, कुठून निघते, मधल्या बारीक जाहिराती, आणि पुन्हा गोष्टीत शिरणं. मी उभी राहून वाचलं. मग कात्रीच्या टोकाने उरलेला गोंद खरवडून तो अख्खा अंकच मोकळा केला आणि जमिनीवर मांडला. रात्रीचा एक वाजला होता. विकणाऱ्यावरचा राग गेला नाही, पण पुस्तकाबद्दलची तक्रार मी मागे घेते.

एक तक्रार मात्र मागे घेणार नाही. ४० व्या अंकाच्या सुरुवातीला ती पानंच्या पानं दोरीवरच्या उड्या मारते, अंगावर काही नाही असं भासवून, आणि मग संपादक रेने विटरस्टेटर स्वतः पानात येऊन ते थांबवते. हो, वाचकांच्या मागणीची थट्टा आहे ती, शेवटी बिकिनी असल्याचं कळतं, सगळं खरं. पण पानं तर काढलीच ना तिला तशी. तिला माहीत आहे की तिच्याकडे कसं बघतात, एवढ्याने काढणाऱ्याला सूट मिळत नाही. जेनिफरसारख्या हुशार पात्राला यापेक्षा चांगलं मिळायला हवं होतं.

नंतरच्या लेखकांपैकी डॅन स्लॉटची २००४ ची शी-हल्क मालिका जरूर वाचा. तिथे ती तेवढी पानाबाहेर येत नाही, पण तिची लॉ फर्म जुनी मार्व्हल कॉमिक्स कोर्टात पुरावा म्हणून वापरते, कॉमिक्स कोडचा (कॉमिक्स तपासून मंजुरी देणाऱ्या संस्थेचा) शिक्का आहे म्हणून अधिकृत दस्तऐवज, लायब्ररीत खोकी भरून अंक ठेवलेत. वकील बाईला शोभणारी युक्ती. आणि गोष्ट बंद पडायची भीती अजून जवळून बघायची असेल तर मार्व्हलचीच दुसरी नायिका ग्वेनपूल वाचा, तीही चौकटींच्या मधल्या पट्टीत शिरते, आणि तिचीही पहिली मालिका २०१८ मध्ये २५ अंकांवरच संपली. २५! तो आकडा दिसला तेव्हा पोटात कसंतरी झालं.

नवी प्रत घेणार नाहीये. बाकीचे सात अंकही हळूहळू सोडवतेय, प्रत्येक पानाच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलने नंबर घालून, आणि अंकागणिक एकेक फाईल. चौथ्या अंकाची झाली काल. लुईझच्या पहिल्या पानाला गोंदाचा डाग राहिलाय, तो कागद न फाटता कसा काढायचा कुणाला माहीत असेल तर सांगा, त्या पानाला मी हात लावायला घाबरतेय.