चोवीस तासांचा कॅन: लघवीतला युरिया मोजायला लागून सात महिने झाले

किडनीचं काम मंदावलंय म्हटल्यावर डॉक्टरांनी प्रोटीनला कात्री लावली: वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम. माझं वजन ६८, म्हणजे दिवसाला साधारण ५४. मी इमानदारीत वही सुरू केली. महिनाभराची सरासरी आली ५२ ग्रॅम. ती वही मी अभिमानानं पुढे ठेवली, तर डॉक्टर म्हणाले, "छान. आता चोवीस तासांची लघवी गोळा करून आणा." प्रोटीन शरीरात मोडलं की त्यातल्या नायट्रोजनचा युरिया होतो आणि लघवीतून जातो, म्हणून त्यावरून खाल्लेलं प्रोटीन काढता येतं. तेव्हा थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

गोळा करणं दिसतं तितकं सोपं नाही. सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची धरून. कॅन थंड ठेवावा लागतो, कारण जंतू वाढले की युरियाचा अमोनिया होतो आणि आकडा खाली येतो. घरच्यांची समजूत काढून फ्रिजचा खालचा कप्पा मिळवला. नमुना देण्याआधी कॅन नीट हलवायचा आणि एकूण किती मिली भरली ते लिहून घ्यायचं. एकदा लॅबनं हे एकूण मापच रिपोर्टवर लिहिलं नव्हतं. मग नुसत्या 'प्रति डेसिलीटर'चं, म्हणजे दर १०० मिलीमागच्या आकड्याचं, काय करणार? तेव्हापासून मी घरीच मापाच्या भांड्यानं मोजून आकडा लिहून नेतो.

पहिला रिपोर्ट: २१०० मिली, युरिया १००० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. म्हणजे दिवसाचा युरिया २१ ग्रॅम. डॉक्टरांनी दिलेलं सूत्र १९८५ सालचं, मरोनी आणि सहकाऱ्यांचं: लघवीतला युरिया नायट्रोजन (युरियातला नुसता नायट्रोजन, ग्रॅममध्ये), अधिक वजन गुणिले ०.०३१ (बाकी वाटांनी जाणारा नायट्रोजन), आणि या बेरजेला ६.२५ नं गुणायचं, की दिवसाचं प्रोटीन मिळतं. मी घरी बसून २१ च टाकले. उत्तर १४४ ग्रॅम! रात्रभर झोप नाही. चूक साधीच होती. रिपोर्टवर 'युरिया' होता, सूत्राला हवा 'युरिया नायट्रोजन'. युरियाच्या ६० भागांत नायट्रोजन २८, म्हणून आधी ०.४६७ नं गुणायचं. आले ९.८. त्यात वजनाचे २.१ मिळवले, ११.९. गुणिले ६.२५, म्हणजे ७४ ग्रॅम. कुणी स्वतः हिशोब करणार असेल, तर रिपोर्टवर कुठला शब्द छापलाय ते आधी बघा.

पण ७४ म्हणजेही वहीपेक्षा २२ जास्त. वही खोटी नव्हती, डोळ्यांचा अंदाज खोटा होता. वजनकाटा आणला तेव्हा कळलं की माझी 'एक वाटी' दीड वाटीची होती, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं वहीत कधी उतरलंच नव्हतं.

माझी एक शंका होती: किडनीच कमजोर, तर युरिया बाहेर कमी पडणार, मग आकडा खरा कसा? डॉक्टरांनी समजावलं ते पटलं. किडनी मंद असली की रक्तातला युरिया चढतो, आणि जितका तयार होतो तितका बाहेर पडू लागला की त्या पातळीवर थांबतो. रक्तातला युरिया आणि वजन स्थिर असेल तर हिशोब चालतो. दोन्हींपैकी एक हलतंय, तर नाही.

तिसऱ्या वेळी निकाल आला ३८ ग्रॅम. मी खूश, डॉक्टरांनी मात्र शेजारचं क्रिएटिनिन दाखवलं, स्नायूंतून तयार होऊन लघवीत पडणारा पदार्थ. आधी दिवसाला १३६० मिलिग्रॅम होतं, आता ७८०. पुरुषात किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम पडतं आणि ते रोज फारसं बदलत नाही. म्हणजे कॅनच अर्धवट भरला होता. दुपारी बाहेर गेलो होतो, ते आठवलं. ही चाचणी क्रिएटिनिनशिवाय करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते तापातल्या कॅननं. तारीख ठरलेली, म्हणून हट्टानं गोळा केलं. चार दिवस जेमतेम खात होतो, वहीत रोज ४० ग्रॅमच्या आसपास. सूत्र म्हणालं ६४! लघवीत युरिया नायट्रोजन ८.१, वजनाचे २.१ धरून १०.२ बाहेर. आत गेलेलं ४० भागिले ६.२५, म्हणजे ६.४. रोजचा तोटा ३.८ ग्रॅम नायट्रोजन. तो माझ्याच स्नायूंतून जात होता. म्हणजे कॅन मोजतो ते मोडलेलं प्रोटीन. खाल्लेलं आणि मोडलेलं सारखं असतं ते शरीर स्थिर असताना. डॉक्टरांनी तो आकडा खोडायला लावला आणि ताप उतरेपर्यंत खाण्यावरची बंधनं सैल केली.

एक खटकणारी गोष्ट. नायट्रोजन बॅलन्सच्या (आत गेलेला आणि बाहेर पडलेला नायट्रोजन यांच्या ताळ्याच्या) दुसऱ्या प्रचलित सूत्रात वजनाऐवजी सरसकट ४ मिळवतात. माझ्या वजनाला २.१ आणि ४ मध्ये १.९ चा फरक, म्हणजे जवळपास १२ ग्रॅम प्रोटीन. त्यामुळे दोन-चार ग्रॅमच्या चढउतारावर मी आता विचार करत नाही, आणि मधेच सूत्र बदलत नाही.

पाचव्या वेळी ५७ आले. पण मग लक्षात आलं की सगळे कॅन रविवारचे, घरी असतो म्हणून. रविवारी माणूस जेवतो कसा ते सांगायला नको. शिवाय आदल्या दिवशीचं जेवणही त्यात उतरतंच. म्हणून सहावा बुधवारी केला. कॅन कापडी पिशवीत, पिशवी ऑफिसच्या फ्रिजमध्ये, वर चिठ्ठी: 'उघडू नये'. कुणी विचारलं नाही. निकाल आला ४९.