64,500 रुपयांची टोपी

लिहायला लाज वाटते. चाळीस वर्षं कापूस विकतोय, व्यापाऱ्याने काट्यावर मारलेले दोन किलो मला नुसत्या नजरेने कळतात. आणि एका पोट्ट्याने मला 64,500 रुपयांची टोपी घातली. 2023-24 च्या 7,020 च्या हमीभावाने नऊ क्विंटलच्या वर कापूस झाला हा.

मुलगा जर्मनीत. तिथल्याच मुलीशी लग्न ठरलं (आमची संमती आहे, त्यावर कोणी बोलू नये). तिथल्या नोंदणी कार्यालयाने जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा कागद मागितला. तालुक्याला पासपोर्ट-व्हिसाची पाटी लावून एक जण बसतो. "काकाजी, काहून टेन्शन घेता? 1969 चा फॉरेन मॅरेज ॲक्ट आहे नं!" कायदा सालासकट सांगितला की आपलं तोंड बंद. 18,000 दिल्लीच्या अपोस्टिलचे (आपला कागद परदेशात खरा मानावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते स्टिकर), 32,500 'एम्बेसीच्या परवानगीचे', वरून 14,000 अर्जंटचे. सगळे रोख. पावती मागितली तर म्हणे जीएसटी लागेल. रोख देऊच नका कोणाला.

फाईल देताना मी शंभराच्या स्टॅम्पपेपरला टाचणी लावली होती. गंजलेली, डोकं वाकलेली, बायकोच्या शिवणाच्या डबीतली. पाचव्या दिवशी कागद परत आले, तर तीच टाचणी, त्याच भोकात. मंत्रालय, दिल्ली, एम्बेसी फिरून आलेल्या कागदाची टाचणी कोणीच काढली नाही? मी ती पाहिली. बोटाला टोचलीसुद्धा. आणि घरी येऊन बायकोला म्हटलं, "पाह्य, किती जपून काम करतात." रात्री झोप लागत नाही ते या वाक्यामुळे.

पण मला हसणाऱ्यांनी सांगावं, अपोस्टिल हा शब्द तुम्ही तरी कधी ऐकला होता? स्टिकरवर नंबर होता, अशोकस्तंभ होता.

मुलाने तो नंबर परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर टाकला. असा नंबरच नाही. दोन मिनिटांचं काम, पैसे द्यायच्या आधी करा. पुढचं ऐकून तर डोकंच फिरलं. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण जर्मनीने आपल्याबाबत हरकत घेतलेली, त्यामुळे आपलं अपोस्टिल तिथे चालतच नाही. खऱ्याची सरकारी फी 50 रुपये. म्हणजे मी नको असलेली वस्तू घेतली, तीही नकली! आणि मुलगी जर्मन असली की जर्मनीतलं लग्न तिथल्याच कार्यालयात लागतं, आपल्या एम्बेसीत नाही. मग परवानगी कशाची? ज्या देशात लग्न, तिथल्या कार्यालयाकडून कागदांची यादी लेखी मागवा.

ठाण्यात सात चकरा झाल्या. घटना मार्चची, मी गेलो जुलै 2024 मध्ये; तेव्हा फसवणुकीचं जुनं 420 कलम लावायचं की नव्या कायद्यातलं 318, यावर दोन हवालदार माझ्यासमोर अर्धा तास भांडले आणि लावलं काहीच नाही. एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात दिला. "तुम्हीच दिले नं पैसे, काका?" सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे ऑनलाइन व्यवहार नाही, ठाण्यात जा. ठाण्यातूनच तर आलो होतो! साहेब कधी बंदोबस्तात, कधी मीटिंगमध्ये.

शेवटी काम झालं ते असं. जर्मन वकिलातीने नेमलेला वकील आमच्या ग्रामपंचायतीत आला, ग्रामसेवकाने 1994 चं जन्माचं रजिस्टर काढलं, त्याने नोंद पाहिली आणि गेला. खर्च मुलाने तिकडे भरला. माझ्याकडे कोणी एक रुपया मागितला नाही.

त्या पोट्ट्याचं दुकान चालूच आहे. परवा एसटीतून पाहिलं, पाटीवर आता विमानही काढलंय.