आखूड रायफलीवरचा मझल ब्रेक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका दुकानातून माझ्या परवान्यावरील आखूड नळीच्या रायफलीला मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचा, धक्का कमी करणारा खाचांचा तुकडा) बसवून घेतला आणि सहा महिन्यांत काढूनही ठेवला. खांद्याला बसणारा धक्का कमी झाला, हे मान्य. परंतु जळालेल्या दारूचा वायू बाजूच्या खाचांतून फेकला जात असल्याने शेजारी उभ्या असलेल्याचे कान बधिर होत, झुडपांतून जाताना वाळक्या काड्या त्या खाचांत अडकून बसत आणि वाढलेल्या दोन इंचांमुळे आखूडपणाचा फायदाच उरत नसे. ‘आवाजही कमी होईल’ हे दुकानदाराचे आश्वासन तर सपशेल चुकीचे निघाले. आता तो काढून नळीच्या तोंडावरील आट्यांवर साधे टोपण फिरवले आहे. रानात बाळगण्यासाठी तेवढे पुरते. नळी कापून घेण्याचा विचार असल्यास मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार त्यासाठी वेगळा परवाना लागतो.