पंपाचं मशीन की हाताचं लिव्हर? घरच्या एस्प्रेसोसाठी थोडा विचार

कॉफी दळायचा ग्राइंडर कुठला घ्यायचा ते ठरलेलं आहे असं धरून चालतो. ठरलं नसेल तर मशीन राहू द्या, आधी तो बघा; पैसे तिथेच घालायचे असतात. उरला प्रश्न पंपाच्या मशीनचा आणि लिव्हरचा, म्हणजे कॉफीतून पाणी विजेच्या पंपाने ढकलायचं की हाताने दांडे दाबून. मी आधी पंपाचं वापरलं, आता ओट्यावर लिव्हर आहे. त्यामुळे पुढचं थोडं एकतर्फी वाटलं तर चालवून घ्या.

लिव्हरमध्येही दोन घराणी आहेत. ला पाव्होनीचं युरोपिक्कोला 1961 सालचं, आजही तेवढंच देखणं. पण त्यात बॉयलर आहे, आणि लागोपाठ दोन-तीन शॉट (एकेका कपाची एस्प्रेसो) काढले की ग्रुप, म्हणजे जिथून पाणी कॉफीवर पडतं तो भाग, इतका तापतो की कॉफी करपट लागायला लागते. शिवाय वाफ धरलेली असताना पाणी भरायला झाकण उघडता येत नाही. पाहुणे आले की पंचाईत. मी बोलतोय ते दुसऱ्या घराण्याबद्दल: फ्लेअर, कॅफेलॅट रोबोट वगैरे. यांच्या साध्या मॉडेलात बॉयलर नाही, पंप नाही, वायरसुद्धा नाही. किटलीतलं उकळतं पाणी वरून ओतायचं आणि हाताने दाबायचं.

चवीचा मुद्दा लवकर आटोपतो. चिकमगळूरची मध्यम भाजणीची कॉफी किंवा मॉन्सून्ड मलबार घेतली, तर 18 ग्रॅम पुडीला 36 ग्रॅमचा शॉट दोन्हीकडे उत्तम येतो. डोळे बांधून ओळखायला सांगितलं तर मी पैज लावणार नाही. हलक्या भाजणीला मात्र लिव्हर थोडं त्रास देतं, कारण ओतता ओतता पाणी निवतं. बास्केट (पूड भरायची जाळीची वाटी) आणि पाणी दाबणारा पिस्टन आधी गरम करून घ्यावे लागतात. उलट बाजूने, पहिले आठ-दहा सेकंद हलका दाब ठेवून कॉफी भिजू द्यायची, मग 8-9 बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) जायचं आणि शेवटी 5-6 वर सैल सोडायचं, हे लिव्हरवर हातानेच जमतं. साध्या पंपाला ते सांगता येत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात 15 बार लिहिलेलं असतं ती पंपाची ताकद; कॉफीला 9 पुरतात. शेवटी क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तो सोनेरी फेस, जगाला दाखवला ती मिलानच्या गॅजियाच्या लिव्हर मशीनने, दुसरं महायुद्ध संपल्यावर. पंप नंतर आला.

आणि हाताला कळतं. दळण जाड झालं असेल तर दांडे सरकन खाली येतात. बारीक झालं असेल तर सोऱ्यात घट्ट पीठ भरल्यासारखे अडतात. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर किती फिरवायचा ते तिथेच ठरतं. ताकद मात्र लागते. 58 मिमीच्या बास्केटवर 9 बार म्हणजे जवळपास 240 किलोचा भार. दांड्यांची लांबी त्यातला बराच वाटा उचलते, पण मनगट दुखरं असेल तर आधी कोणाकडे तरी दाबून बघा, किंवा 40 मिमीच्या आसपासचं लहान बास्केट असलेलं घ्या. तिथे तेवढ्याच दाबाला निम्म्याहून कमी भार पुरतो.

इथपर्यंत तराजू बरोबरीत होता असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. माझा निकाल लागला तो पाण्यावर.

आम्ही पुण्यात बालेवाडीच्या बाजूला राहतो. पावसाळ्यानंतर काही महिने पालिकेचं पाणी असतं, फेब्रुवारी सरला की टँकर आणि बोअर. बोअरचं पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून आतल्या भिंतींना धरतो. वाफ काढणाऱ्या बॉयलरमध्ये आणखी गंमत: वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात, आणि वरून परत तेच पाणी. पंपाच्या मशीनला मी नियमाने सायट्रिक ॲसिडचं पाणी पाजत होतो. पण क्षार विरघळताना त्याचे पापुद्रेही सुटतात, आणि ते जाऊन बसतात सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या, म्हणजे शॉट संपल्यावर दाब सोडणाऱ्या विजेच्या झडपेच्या, तोंडाशी. मग शॉट संपला तरी ग्रुपमधून टिपटिप चालू, आणि पोर्टाफिल्टर (बास्केट बसवलेला दांडा) काढला की आत कॉफीच्या घट्ट चकतीऐवजी चिखल. सर्व्हिसवाल्याने व्हॉल्व्ह उघडून पांढरा खडा तळहातावर ठेवून दाखवला. वर म्हणाला, ‘पाणी बदला सर.’ जणू नळ माझ्या हातात आहे!

बदललं. आरओचं वापरलं. पण आमच्या आरओचं पाणी इतकं रिकामं असतं की कॉफी मिळमिळीत होते. स्पेशालिटी कॉफीवाले टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 150 च्या आसपास असावा म्हणतात. आमच्याकडे एका नळाला त्याच्या कितीतरी वर आणि दुसऱ्याला अगदीच खाली. मग दोन्ही मिसळायचं, मीटर बुडवायचा. मशीनच्या टाकीत जाणारं सगळं पाणी असं तयार करायचं, कारण पंपाच्या मशीनला शॉटआधी ग्रुप तापवायला, नंतर धुवायला, असं कपात न येणारं पाणीच जास्त लागतं. सकाळी सात वाजता हा रसायनशास्त्राचा तास कोणी घ्यावा?

लिव्हरला एका शॉटला लागतं वाटीभरापेक्षा कमी पाणी. मिसळण मी अजूनही करतो, पण आता ते फक्त चवीसाठी, एका बाटलीत, आठवड्याचं एकदम. क्षार धरलाच तर किटलीला धरतो, डोळ्यांना दिसतो, आणि लिंबाची सालं टाकून उकळलं की निघतो. यंत्रात बिघडण्यासारखं उरतं ते एक सिलिकॉनचं गॅस्केट.

गुरुवारचा फायदा वेगळाच. देखभालीसाठी लाइट जाते, पाणीही बंद असतं, आणि तरी गॅसवर पातेलं ठेवून एस्प्रेसो होतो. शिवाय पंपाची घरघर नाही. आई आतल्या खोलीत झोपलेली असते तेव्हा हे जाणवतं.

दुधाचं मात्र लपवत नाही. लिव्हरला वाफ नाही. मी फ्रेंच प्रेसमध्ये गरम दूध भराभर वरखाली करून फेस काढतो. माझ्या एका कपाला तो पुरतो. आमच्या सौंच्या मते तो फेस नाही, साबणाचं पाणी आहे. घरात सकाळी तीन-चार कॅपुचिनो लागत असतील, तर लिव्हरच्या नादी लागू नका, पंपाचं आणि चांगल्या वाफेचं मशीन घ्या. पेठांत राहत असाल आणि खडकवासला धरणाचं गोडं पाणी बाराही महिने नळाला येत असेल, तर माझी अर्धी तक्रार तशीही तुम्हाला लागू नाही. पण वाघोली, वाकड, उंड्री अशा उपनगरात कुठे राहत असाल, तर ऑर्डर देण्याआधी प्लंबरला बोलावून गीझरची कॉइल एकदा बाहेर काढून बघा. तिच्यावर पांढरं कवच दिसलं, तर मी लिव्हरच घेईन म्हणतो.